अंबादासशेठचा लोहचुंबक

एका गावात एक कासार होता आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लोहचुंबक असे. कासाराचं नाव अंबादास. गाव बाजाराचं होतं. दर शनिवारी आसपासच्या खेड्यांतली माणसं कासार आळीत येत. कुणी जुनी भांडी मोडीत घालायला आणी, कुणी नवी घ्यायला येई. अंबादासशेठ आलेलं भांडं उलटं करत आणि बुडाला लोहचुंबक टेकवत. चिकटला तर लोखंड, सुटला तर पितळ. मग ते एकच शब्द बोलत आणि तो शब्द आळीत सगळे मानत.

माणूस लाखमोलाचा, पण पितळेपुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे. स्टीलला ते 'पत्रा' म्हणत. नेमकं समोरच पोपटशेठचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि तेही तीस वर्षांपासून. मध्ये बारा हातांचा रस्ता. तीस वर्षांत अंबादासशेठनी तो रस्ता त्या बाजूला एकदाही ओलांडला नव्हता. समोरून गिऱ्हाईक पिशवी घेऊन बाहेर पडलं, की 'चालला पत्रा घेऊन' असं पुटपुटत ते आपला एखादा हंडा पुन्हा पुसायला घेत. पोपटशेठना हे ऐकू येत असे. ते फक्त रेडिओचा आवाज वाढवत.

शेठना एकुलती एक मुलगी होती, कल्याणी. ती लहान असतानाच तिची आई गेली. शेठनी तिला एकट्याने वाढवलं. वेणी घालायला शिकले, ती जरा वाकडी यायची इतकंच. स्वयंपाक शिकले आणि वांग्याचं भरीत तर असं करू लागले, की शेजारणी वाटी घेऊन येत. लेकीवर त्यांचा फार जीव होता.

कल्याणी चौथीत असताना तिला वक्तृत्व स्पर्धेत स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. ती नाचतच घरी आली. शेठनी सवयीने डब्याला लोहचुंबक लावला, तो टक्कन चिकटला. "पत्रा आहे गं," असं हसत म्हणून त्यांनी तो डबा दुकानात खिळे ठेवायला नेला. दुसऱ्याच दिवशी तिला पितळेचा डबा आणून दिला, वर तिचं नाव कोरून. पोर खूश झाली असणार, असं शेठ धरून चालले. कल्याणीने तो दप्तरात ठेवला. अप्पांना जे आवडणार नाही ते अप्पांना सांगायचं नाही, एवढं मात्र ती त्या दिवशी शिकली.

पुढे कल्याणीचं लग्न झालं आणि ती शहरात राहायला गेली. इमारत नवी होती. गॅसची नळी अजून यायची होती आणि सिलिंडर वर न्यायला बंदी होती. म्हणून घरात इंडक्शनची शेगडी होती आणि ओट्याच्या कोपऱ्यात एक विजेचा ओव्हन. शेठनी काही विचारलं नाही. त्यांनी लेकीच्या संसाराला पितळेची भांडी काढली. पातेली, कढया, तपेली, सगळ्यांना आतून ताजी कल्हई. टेंपो भरून पाठवली आणि पहिल्या संध्याकाळच्या फोनची वाट बघत बसले.

तिकडे कल्याणीने पहिलं पातेलं शेगडीवर ठेवलं. शेगडीने तीनदा टूं टूं केलं आणि ती बंद पडली. दुसरं ठेवलं, तेच. कढई ठेवली, तपेलं ठेवलं, तेच. शेजारच्या बाईंनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, की या शेगडीला लोहचुंबक धरणारंच भांडं लागतं. अप्पांनी जन्मभर जे बाजूला काढलं, नेमकं तेच. कल्याणीला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. तेवढ्यात फोन वाजला.

"पातेलं चालतंय ना गं?"

"झकास चालतंय, अप्पा."

दोन शब्दांचं ते खोटं. प्रेमापोटी बोललेलं, म्हणून कल्याणीला ते खोटं वाटलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्टीलची चार भांडी आणली, पितळ माळ्यावर ठेवलं आणि कामाला लागली. तिला विमा कंपनीत नोकरी होती. नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असे. संसार छान चालला होता.

पण गावात ते दोन शब्द काही गप्प बसले नाहीत. शेठ येईल त्याला सांगू लागले, की विजेच्या शेगडीवरही आपलंच पितळ चालतं, लेकीच्या घरी रोज चालतंय. निवृत्त मुख्याध्यापिका सावळेबाई आपल्या मुलीसाठी भांडी घ्यायला आल्या. त्यांच्या मुलीकडेही अशीच शेगडी होती. बाई शंकेखोर. चालतील का, असं त्यांनी तीनदा विचारलं. शेठ म्हणाले, "माझा शब्द." बाईंनी पुढे काही विचारलं नाही. पूर्ण संच घेऊन त्या गेल्या.

पौषात लग्नं नसतात आणि कासाराचं दुकान थंड असतं. शेठनी फोन केला, की चार दिवस लेकीकडे येतो. कल्याणीची धांदल उडाली. तिने माळ्यावरून पितळ काढलं. कचेरीतून आल्यावर रोज ती चिंच आणि मीठ घेऊन बसे. बोटांची सालं निघाली, पण पितळ लखलखलं. आता स्टीलची भांडी कुठे लपवायची? स्वयंपाकघर एवढंसं, कपाटं भरलेली. मग तिला ओव्हन दिसला. बऱ्याच घरांत ओव्हनचा मुख्य उपयोग हाच असतो, हे वाचकांपैकी काही जणांना सांगायला नको. पातेली, तवा, छोटी कढई आणि प्लास्टिकचं उलथनं, सगळं तिने आत कोंबलं आणि दार लावलं.

शेठ आले. शेगडीवर पितळेचं पातेलं बघून त्यांचा ऊर भरून आला. कल्याणी त्यांना स्वयंपाकघरात फिरकू देईना. तुम्ही बसा, तुम्ही पेपर वाचा, असं म्हणून ती दार लोटून घ्यायची, ओव्हनमधून स्टीलचं पातेलं काढायची, त्यात आमटी करायची, ती पितळेत ओतायची, स्टीलचं घासून पुसून पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायची आणि मग पान वाढायची. शेठ भुरका मारून म्हणायचे, की बघ, पितळेतल्या आमटीची चवच वेगळी. कल्याणी मान डोलवायची आणि आतून कानकोंडी व्हायची.

दुसऱ्या दिवशी जेवताना शेठनी ओव्हनकडे बोट दाखवून विचारलं, की ही पेटी कशाची. कल्याणी म्हणाली, यात वांगं छान भाजतं. आधी दहा मिनिटं रिकामा तापवायचा, मग टोचे मारून, तेल लावून वांगं ठेवायचं. शेठनी बटणं कशी फिरवायची तेही विचारून घेतलं. कल्याणीला वाटलं, सहज विचारतायत.

तिसऱ्या दिवशी कल्याणी कामावर गेली आणि शेठ भाजीबाजारात. त्यांनी बघून बघून दोन हिरवी भरताची वांगी आणली. पोरगी दमून येते, आज तिला आपल्या हातचं भरीत. ओव्हन रिकामा तापवायचा, एवढं त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं. तो रिकामा आहे का, हे बघायचं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. काच काळसर होती आणि चष्मा पेपरवर राहिला होता. शेठनी बटण फिरवलं आणि वांगी धुवायला घेतली.

थोड्या वेळाने घाण वास आला. मग धूर. शेठनी घाबरून आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग खिडकी उघडली. हे त्यांनी चांगलं केलं. धूर निवल्यावर फडक्याने दार उघडलं. उलथनं वितळून जाळीवर लोंबत होतं. तव्याची मूठ फुगून तडकली होती. आणि आत, एकावर एक, पत्रा.

भांडी निवल्यावर शेठनी एक पातेलं हातात घेतलं. आत हळदीचा पुसट डाग होता. पातेलं रोजच्या वापरातलं होतं. त्यांनी खिशातला लोहचुंबक काढून बुडाला लावला. तो टक्कन चिकटला. मग त्यांनी आपल्या पितळेच्या पातेल्यात पाणी घालून ते शेगडीवर ठेवलं. टूं टूं टूं. शेगडी बंद. तेच पाणी स्टीलच्या पातेल्यात ओतलं. बघता बघता उकळी फुटली.

शेठ स्टुलावर बसले. लेकीची सोललेली बोटं त्यांनी काल पाहिली होती, थंडीने फुटली असतील असं त्यांना वाटलं होतं. आता ते कोडं उलगडलं. त्यांना आधी राग आला, लेकीचा. मग तो डबा आठवला, खिळे ठेवलेला, अजून दुकानात असलेला. आणि राग कुणावर करायचा ते त्यांना कळेना. तेवढ्यात सावळेबाई आठवल्या. चाळीस वर्षांत मोडला नव्हता तो शब्द त्यांनी न पाहता दिला होता.

संध्याकाळी कल्याणी दारातच थबकली. घरात जळका वास होता. ओट्यावर तिची भांडी ओळीने मांडलेली होती, घासून, पुसून.

"अप्पा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी…"

"वाटलं," शेठ म्हणाले. "पण पितळेचं नाही वाटलं. माझ्या लेकीला मला खरं सांगायची भीती वाटली, त्याचं वाटलं. कल्याणी, तो बक्षिसाचा डबा तुला आवडला होता ना?"

"खूप आवडला होता, अप्पा."

एवढं बोलून ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शेठही रडले. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी कल्याणीने सुट्टी काढली. दोघांनी मिळून ओव्हन खरवडून साफ केला, तो रिकामा आहे हे दोघांनी दोनदा पाहिलं आणि मग भरीत झालं. त्यानंतर शेठ म्हणाले, चल, मला ही विजेची दुनिया एकदा समजून घेऊ दे. बगलेत पितळेचं पातेलं घेऊन ते लेकीबरोबर विजेच्या वस्तूंच्या दुकानात गेले.

तिथल्या विक्रेत्या बाई अनुभवी होत्या. शेठ नव्या शेगड्यांकडे बोट दाखवू लागले, तर बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या, "काका, शेगडी नंतर. आधी सांगा, घरात माणसं किती, शिजतं काय, आणि भांडी कोणती आहेत?"

शेठचं बोट खाली आलं. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला हे कधी विचारलं नव्हतं. बाईंनी मग सावकाश सगळं सांगितलं. इंडक्शनला चुंबक धरणारं भांडं हवं, सगळंच स्टील तो धरत नाही, आणि बूड सपाट हवं, नाही तर नीट तापत नाही. पितळेवर फारच जीव असेल तर तारेची शेगडी घ्या. ती कुठलंही भांडं तापवते, पण वेळ जास्त घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते, लगेच फडकं फिरवायचं नाही. ओव्हन काय किंवा शेगडी काय, तिला भिंतीत मोठ्या पिनचं वेगळं सॉकेट हवं, फ्रिजच्या जोडीला एकाच बोर्डावर लावायची नाही. मोठा ओव्हन दिसायला झोकदार, पण दोन माणसांना लहानच बरा, लवकर तापतो.

शेठनी रविवारच्या आमटीसाठी एक तारेची शेगडी घेतली. रिकामं पितळ तापवू नकोस, कल्हई उतरेल, एवढी आपली भर त्यांनी घातली. आणि शुक्रवारी गावी परतले.

शनिवारी बाजार भरला. आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. दहाच्या सुमाराला सावळेबाई आल्या. आता तक्रार येणार, हे शेठनी ओळखलं. पण बाई तक्रार करायला आल्या नव्हत्या. त्या आपल्या मुलीच्या शेगडीवरच चिडल्या होत्या. म्हणाल्या, शेगडी खराब निघाली, तुमचं एकही भांडं तापवेना. मुलीने दुकानदाराशी भांडून ती बदलून घेतली, तर दुसरीही खराब. आता मी स्वतः जाऊन त्याला चांगलं फैलावर घेणार आहे.

शेजारचा दुकानदार हसून म्हणाला, की शेगड्या हल्ली अशाच निघतात. दोन गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. अंबादासशेठच्या भांड्यात खोट असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. शेठ नुसते गप्प बसले असते तरी भागलं असतं. शब्दही राहिला असता आणि दुकानही. शेठनी क्षणभर तसा विचार केला, हे लपवायचं कारण नाही. मग ते गादीवरून उठले.

"बाई, शेगडी चांगली आहे," ते म्हणाले. "माझा शब्द खोटा निघाला. त्या शेगडीवर पितळ चालत नाही. मी न बघता सांगितलं. संच परत आणा, आणि आत्ता माझ्याबरोबर चला."

सावळेबाईंनी पिशवी सावरली. शेठनी चपला घातल्या, खिशातला लोहचुंबक चाचपला आणि भर बाजारात तो बारा हातांचा रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरले. आळीतली बोलणी थांबली. घासाघीस करणारी एक बाई भाव विसरली. पोपटशेठनी रेडिओ बंद केला आणि ते उभे राहिले.

शेठनी स्टीलची पातेली मागितली. ते एकेक उलटं करू लागले, चुंबक टेकवू लागले. पहिल्याला सुटला. दुसऱ्याला सुटला. तिसऱ्याला टक्कन चिकटला. चाळीस वर्षांत चिकटलेलं भांडं त्यांनी पहिल्यांदाच आपल्या बाजूला घेतलं.

"हे कुणाला, शेठ?" पोपटशेठनी जपूनच विचारलं.

"बाईंच्या मुलीला. मी चुकीचं दिलं होतं."

पोपटशेठना चिमटा काढायची यापेक्षा चांगली संधी आयुष्यात मिळणार नव्हती. पण त्यांनी समोरच्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्यांच्याच्याने ते झालं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "मीही आजवर सगळ्यांना 'चालेल' असंच सांगत आलो, शेठ. तो चुंबक जरा मलाही बघू द्या."

त्या दिवसापासून अंबादासशेठच्या दुकानात भांडं उलटं करण्याआधी एक प्रश्न विचारला जाऊ लागला, घरी शेगडी कुठली. कुणाला पितळ मिळे, कुणाला समोर पाठवलं जाई, आणि समोरूनही कुणीकुणी इकडे येई. लोहचुंबक दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडू लागला. शेठचा शब्द मोडला असं काहींना वाटलं होतं. पण लोक पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले.

खिळ्यांचा तो जुना डबा शेठनी रिकामा केला, घासला आणि कल्याणीला पाठवला. सोबत पोपटशेठकडचं एक स्टीलचं पातेलं, स्वतः निवडून, चुंबक लावून. डबा पोचला त्या दिवशी कल्याणीने त्यात लाडू भरले. संध्याकाळी फोन वाजला.

"पातेलं चालतंय ना गं?"

कल्याणीने शेगडीवरच्या पातेल्याला बोट लावून पाहिलं.

"नाही, अप्पा. बूड जरा वाकडं आहे, शेगडीवर डुगडुगतं. बदलून द्या."

अंबादासशेठ फोन हातात धरून कितीतरी वेळ हसत होते. चाळीस वर्षांत परत आलेल्या भांड्याचा त्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता. मग डोळे पुसून ते वाकडं पातेलं बदलून मागायला समोर गेले.

तात्पर्य: आपल्या माणसाला काही देताना आधी त्याची चूल पाहावी, आणि त्याला आपल्यापुढे निर्धास्तपणे 'नाही' म्हणता यावं असं वागावं. ज्या प्रेमापुढे खरं बोलायची भीती वाटते, ते प्रेम कितीही लखलखलं तरी त्यात काही शिजत नाही.